टायर बदलण्यापूर्वी चाक तपासा



सोयाबीनची मळणी आटोपली की आपला माल ट्रकमधून वाशिम, कारंजा, रिसोडच्या बाजार समितीत जातो. अशा वेळी पुढच्या चाकातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला आणि टायर वेडावाकडा झिजला, तर लगेच नवा टायर घेऊ नका. मूळ दोष बहुधा दुसरीकडे असतो.

प्रथम झीज पाहा. दोन्ही कडा झिजल्यास हवा कमी. मधला भाग झिजल्यास हवा जास्त. एकच कड झिजल्यास अलाइनमेंट बिघडलेले असते. जागोजागी खळगे पडल्यास शॉक ॲब्सॉर्बर व बॅलन्सिंग तपासावे.

नंतर आवाज ऐका. वेगाबरोबर वाढणारा व वळणावर बदलणारा आवाज बहुधा बेअरिंगचा असतो. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. तेव्हा आवाज वाढल्यास उजवे बेअरिंग आधी पाहावे.

सपाट जागी इतर चाकांना दगड लावून चाक जॅकने उचलावे व गाडी घोडीवर टेकवावी. चाक वर-खाली धरून हलवल्यास खेळ जाणवला, तर बेअरिंग किंवा किंगपिन. डावी-उजवीकडे धरून जाणवला, तर टाय-रॉडचे टोक झिजले असावे.

आधी हे भाग, मग अलाइनमेंट, शेवटी टायर, असा दुरुस्तीचा क्रम ठेवावा. नाहीतर नवा टायरही तसाच झिजेल.

चाक ढिले असताना भरलेली गाडी रस्त्यावर काढू नका. पोती उद्या पोहोचली तरी चालतील. वाटेत चाक निखळले तर माल, गाडी आणि माणूस तिन्ही धोक्यात येतात.