सटवाईचा लेख आणि मेंदूचा आलेख
(तळेघर येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मूल जन्मले की सटवाई येते व त्याच्या कपाळी नशीब लिहून जाते, ही समजूत आपल्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. आज तीच समजूत नवा वेष घेऊन येत आहे. सटवाईच्या जागी मेंदू बसविला जातो आणि सांगितले जाते, 'माणूस काही ठरवीत नाही. मेंदू ठरवितो, माणसाला मागाहून कळते.' हे म्हणणे शास्त्राच्या नावाने येते. म्हणूनच ते पारखून घेतले पाहिजे.

१९८३ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ बेंजामिन लिबेट ह्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. मनात येईल तेव्हा हात हलवा, असे त्यांनी काही माणसांना सांगितले. हात हलण्यापूर्वी सुमारे अर्धा सेकंद मेंदूत विद्युत्-हालचाल सुरू झाली. 'आता हलवावा' ही जाणीव मात्र सुमारे एक पंचमांश सेकंद आधी झाली. ह्यावरून इच्छास्वातंत्र्य हा भ्रम होय, असे अनेकांनी ठरविले. स्वतः लिबेट तसे म्हणाले नाहीत. सुरू झालेली कृती आवरण्याची शक्ती जाणिवेकडे उरते, असे त्यांचे मत होते. पुढे २०१२ साली शुर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ती आधीची हालचाल म्हणजे झालेला निर्णय असेलच असे नाही. मेंदूत अखंड चालणाऱ्या चढउतारांची ती बेरीज असू शकते.

शिवाय, उगाच हात हलविणे म्हणजे निर्णय काय? ह्या डोंगरपट्ट्यातील शेतकरी भाताची आवणी केव्हा करावयाची हे ठरवितो, तेव्हा तो पाऊस पाहतो, रोपांची वाढ पाहतो, कामाला माणसे किती हे पाहतो. निर्णयाला कारणे आहेत, म्हणून तो निर्णय त्याचा नव्हे, असे कोण म्हणेल? कारणे तोलता येणे, दुसऱ्याचे ऐकून मत बदलता येणे, हेच माणसाचे स्वातंत्र्य. हे तोलणे मेंदूतच घडते. त्यासाठी निराळा आत्मा मानावयाची गरज नाही. बुद्धाने आत्मा नाकारला आणि मक्खली गोसालाचा नियतिवादही नाकारला. चेतना हेच कर्म, अशी त्याची शिकवण आहे.

हा केवळ पंडितांचा वाद नाही. १८७१ च्या कायद्याने ह्या देशातील कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरविल्या. तो कलंक कायद्यातून पुसावयास १९५२ साल उजाडले. माणूस आधीच ठरलेला आहे, असे मानले म्हणजे असा कायदा होतो!

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घ्या. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युत्-तपासणीचा निष्कर्ष पुराव्यात धरला व जन्मठेप सुनावली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या दुसऱ्या प्रकरणात, निर्णय दिला की संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी घेता येणार नाही. तसे करणे संविधानाच्या २० (३) व २१ ह्या अनुच्छेदांचा भंग होय. संमतीने घेतली तरी नुसता तिचा निष्कर्ष पुरावा ठरत नाही. कारण काय? चाचणीत उमटणाऱ्या प्रतिसादांवर माणसाचा जाणीवपूर्वक ताबा नसतो! म्हणजे मेंदूत उमटलेली लहर वेगळी आणि माणसाने विचार करून दिलेला शब्द वेगळा, हा भेद न्यायालयाने ओळखला.

मेंदूचे शास्त्र आपले शत्रू नव्हे. भूक, व्यसन आणि भीती ह्यांनी विचारशक्ती कशी खचते, हे ते दाखविते. ती कारणे दूर करणे हे आपले काम आहे. परंतु कोणी यंत्रातला आलेख दाखवून म्हणेल की, 'तू असाच आहेस, तुला पर्याय नाही', तर त्याला विचारा, 'मला पर्याय नसेल, तर माझी संमती घेण्याची सक्ती कायद्याने तुझ्यावर का केली?' नाही म्हणण्याचा अधिकार आपणांस आहे. तो विचारपूर्वक वापरा.