पहिल्या किलोचा भार कोणी उचलायचा?

(व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



१९५० ते २०१५ या काळात जगाने सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक निर्माण केले. त्यापैकी ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि या कचऱ्यातला जेमतेम ९ टक्के भाग पुनर्वापरात आला; तोही बहुधा हलक्या प्रतीच्या वस्तूंच्या रूपाने. प्लास्टिक वितळवून पुन्हा साच्यात घातले की त्याच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात आणि त्यात मिसळलेले रंग तसेच राहतात.

यावर रसायनशास्त्रज्ञांनी सुचविलेला मार्ग निराळा आहे. साखळीची एकेक कडी सोडवावयाची आणि त्याच कड्यांपासून नवे प्लास्टिक घडवावयाचे. मात्र कड्या फार घट्ट असल्या तर सुटत नाहीत. फार सैल असल्या तर वस्तू टिकत नाही. हा समतोल साधणारा रेणू हजारो संभाव्य रेणूंतून केवळ प्रयोगांनी शोधणे दुष्कर आहे. म्हणून कड्या जुळण्या-सुटण्याच्या ऊर्जेचा अंदाज आता संगणकावर बांधला जातो आणि निवडक रेणूच प्रयोगशाळेत तपासले जातात.

संगणक रेणूपाशीच थांबत नाही. अमेरिकेतील बर्कली येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१९ मध्ये 'पीडीके' नावाचे प्लास्टिक जाहीर केले. तीव्र आम्लात ते मूळ घटकांत विभागते. २०२१ मध्ये तेथील संशोधकांनी त्याच्या कारखान्याची प्रतिकृती संगणकावर उभी करून हिशेब मांडला : प्रथम निर्मितीचा खर्च किलोमागे ४५ डॉलर, जुन्या मालापासून पुनर्निर्मितीचा अवघा दीड डॉलर.

या दोन आकड्यांत सारे अर्थकारण सामावले आहे. पहिला किलो महाग, दुसरा स्वस्त. बाजार मात्र पहिल्याच किलोचा भाव पाहतो. खनिज तेलापासून बनणारे नेहमीचे प्लास्टिक स्वस्त दिसते, कारण त्याच्या कचऱ्याचा खर्च किमतीत धरलेलाच नसतो. तो नगरपालिका आणि कचरावेचक सोसतात. शिवाय दीड डॉलरचा हिशेब माल परत आला तरच खरा ठरतो. तो आपोआप येत नाही. त्यासाठी ग्राहकाची अनामत, उत्पादकावर कायदेशीर बंधन आणि माल वेचणाऱ्याला रास्त मोबदला यांची व्यवस्था लागते.

बर्कलीची प्रयोगशाळा सार्वजनिक पैशावर चालते. अशा संशोधनाचे फळ उद्योगांच्या हाती देताना माल परत घेण्याची अट घालण्याचा जनतेला पूर्ण अधिकार आहे. रेणू कसा असावा, हे संगणक सुचवील. पहिल्या किलोचा भार कोणी उचलावा, हा निर्णय समाजानेच घ्यावयाचा आहे.