श्वास आणि कंबर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



श्वास छातीने घ्यायचा, त्यात कमरेचा काय संबंध, असे मलाही वाटत असे. गेल्या पावसाळ्यात माझ्या डाव्या कुशीत दुखू लागले. शिंक आली तरी कळ येई, दीर्घ श्वास घेववेना. मुतखडा असेल असे समजून मी महिनाभर कुळथाचे कढण प्याले आणि घरात कुणाला बोलले नाही. शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेले. लघवी तपासली, ती स्वच्छ निघाली. मग त्यांनी विचारले, “कळशी कोणत्या कमरेवर घेता?” मी म्हटले, “डाव्या.”

तेव्हा त्यांनी मला कागदावर चित्र काढून दाखवले. आपल्या बरगड्यांच्या १२ जोड्या. शेवटच्या बरगडीचे पुढचे टोक मोकळेच असते. तिच्यापासून खाली कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंत, कण्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चौकोनी स्नायू असतो. कमरेच्या ५ मणक्यांपैकी वरच्या ४ मणक्यांनाही तो जोडलेला असतो. डॉक्टर त्याला क्वाड्रेटस लंबोरम म्हणतात.

कुशीवर वाकणे, एका बाजूची कंबर वर उचलणे ही त्याची कामे. शिवाय श्वास आत घेताना छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली उतरतो. त्याच्या ओढीने शेवटची बरगडी वर जाऊ पाहते. हा स्नायू तिला खालून धरून ठेवतो. लुगड्याची घडी घालताना पलीकडचे टोक कुणीतरी घट्ट धरावे लागते ना, तसेच. माझा हा स्नायू रोजच्या एकाच बाजूच्या ओझ्याने थकला होता, म्हणून श्वासागणिक दुखत होते.

मी कळशी अर्धी भरू लागले, बाजू बदलू लागले, गरम पाण्याने शेकू लागले. ओझे उचलताना श्वास कोंडून धरायचे, तेही सोडले. हळूहळू आराम पडला.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. या स्नायूच्या अगदी पुढेच मूत्रपिंड असते. म्हणून कुशीतल्या दुखण्याबरोबर ताप, थंडी, लघवीला जळजळ किंवा रक्त दिसले, तर शेकत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुखणे कशाचे आहे ते आपण घरी बसून ठरवायचे नाही. मी ठरवले आणि महिना फुकट सोसले. तुम्ही तसे करू नये, एवढ्यासाठीच चार शब्द बोलले.