पहिला श्वास

मायबाप श्रोतेहो, गर्भवास म्हटला की आपण दुःखाचाच म्हणतो. पण त्या नऊ महिन्यांत देवाने कशी व्यवस्था लावली आहे, ती आज जरा बघू.

पोटातल्या बाळाला फुप्फुसं असतात, पण त्यांत हवा नसते, पाणी असतं. मग प्राणवायू येतो कुठून? वारेतून. तिथे आईचं रक्त आणि बाळाचं रक्त शेजारी शेजारी वाहतं, मधे पातळ पडदा. रक्त रक्तात मिसळत नाही. प्राणवायू आणि अन्नरस तेवढा पलीकडे जातो. नाळेतली एक शीर ते चांगलं रक्त बाळाकडे आणते, दोन धमन्या वापरलेलं रक्त परत नेतात.

आता फुप्फुसाला काम नाही, तर सगळं रक्त तिकडे धाडून उपयोग काय? म्हणून दोन आडवाटा ठेवल्या. एक दार, हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या मधे. आणि एक छोटी नळी, फुप्फुसाच्या धमनीतून थेट महाधमनीत जाणारी.

बाळ जन्मतं, रडतं, आपण पेढे वाटतो! त्या रडण्यात हवा आत शिरते, फुप्फुसं फुलतात, रक्त तिकडे धावतं. ते डाव्या कप्प्यात परत येतं, तिथला दाब वाढतो आणि मधलं दार आपोआप लोटलं जातं. नळी दोन-तीन दिवसांत मिटते. चौघांत एकाचं ते दार पुरतं चिकटत नाही, तरी बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो. वारी चालतात बघा ते!

पण नळी उघडी राहिली तर? माझी नात आठव्या महिन्यात झाली. दूध ओढताना दमायची, घामाघूम व्हायची, धाप लागायची. आम्ही काय केलं? मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, गळ्यात दोरा बांधला. आठ दिवस गेले. सूनबाई म्हणाली, "बाबा, मी डॉक्टरांकडे नेते." मी म्हणालो, "थांब." ती थांबली नाही, म्हणून नात आज आहे. नळी उघडी निघाली, उपचार झाले.

माउली, गर्भात जी वाट तारते, तीच बाहेर उघडी राहिली तर घात करते. माझा हट्ट तसाच होता. बाळ पिताना दमत असेल, ओठ निळे पडत असतील, तर दृष्ट नंतर काढा, आधी दवाखाना गाठा. डॉक्टरला बुद्धी देणारा तोच आहे.

रामकृष्णहरी!