बाळंतपण तिचे, सही कोणाची?

(मंडळाच्या हैदराबाद येथील हळदीकुंकू समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हळदीकुंकवाला राजकारणाचे बोलू नका, असे आम्हांला दोघा-तिघांनी सुचवले. पण एकाच्या शरीराचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा की नाही, हा प्रश्न राजकारणाचाच आहे, आणि तो आपल्या घरात रोज सुटतो किंवा चुकतो.

आमच्याच घरातले सांगतो. धाकट्या भावाची पत्नी बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. कळा सुरू होऊन नऊ तास झाले होते. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, ‘‘प्रगती सावकाश आहे. लगेच धोका नाही, पण सिझेरियन करायचे का ते ठरवा.’’ आम्ही पाच जण व्हरांड्यात ठरवू लागलो. काकांनी पंचांग काढले. सकाळी सहाच्या आत झाले तर नक्षत्र चांगले निघत होते. भावाने कागदावर सही केली. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आले. आम्ही पेढे वाटले.

दोन वर्षांनी एकदा बोलता बोलता ती म्हणाली, ‘‘ऑपरेशन लागलं असेल तर लागलं, त्याचं काही नाही. पण तुम्ही दाराबाहेर ठरवत होतात, आणि मी आत जागी होते.’’ आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही.

हे एका घरापुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात शंभरातली २१.५ बाळंतपणे सिझेरियनने झाली. आपल्या तेलंगणात हे प्रमाण ६०.७ होते. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांत ४४.५, तर खासगी रुग्णालयांत ८१.५. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली १० ते १५ टक्के हे प्रमाण योग्य मानले होते. २०१५ साली तिने पुन्हा सांगितले की, समाजात हे प्रमाण दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यावर माता व नवजात बालकांचे मृत्यू त्यामुळे आणखी कमी होताना दिसत नाहीत.

आता कोणी गैरसमज करून घेऊ नये. बाळ आडवे असेल, वार खाली असेल, बाळाचे ठोके मंदावले असतील, तर शस्त्रक्रियाच जीव वाचवते. सगळा दोष डॉक्टरांवर टाकणेही बरोबर नाही. काही बिघडले की दवाखान्यात गोंधळ घालणारे आम्ही नातेवाईकच, आणि मुहूर्त मागणारेही आम्हीच. उलट बाजूही पाहा. ‘आमच्या वेळी नव्हते असले काही’ म्हणून सुनेला वेदना कमी करणारे इंजेक्शन नाकारणाऱ्या, शस्त्रक्रियेला अडवून धरणाऱ्या सासवाही आपल्यात आहेत. दोन्हींकडे चूक एकच. तिला कोणी विचारलेले नसते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिला. प्रकरण बाळंतपणाचे नव्हते. तपासणीसाठी भूल दिलेल्या ४४ वर्षांच्या महिलेचे गर्भाशय तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. न्यायालयाने म्हटले, रुग्ण सज्ञान व समर्थ असताना आईची संमती चालत नाही. जिवाला तातडीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची लागत नाही. मग बाळंतपणाच्या कागदावरच नवऱ्याची सही पुरेशी कशी झाली?

आम्ही बँकेतली माणसे. बायकोच्या खात्यातून पैसे काढायला नवरा स्वतः सही करून आला, तर पाचशे रुपयेसुद्धा देत नाही. खाते जिचे, सही तिची. पोटावरच्या टाक्यांना मात्र हा नियम आम्ही लावला नाही.

मग करायचे काय? पहिले काम घरचे. सातव्या-आठव्या महिन्यात, डोहाळजेवणाच्या आसपास, सुनेला किंवा लेकीला विचारावे की तुझी इच्छा काय, भीती कशाची, तुझ्याजवळ कोण थांबावे. आयत्या वेळी डॉक्टर बाहेर आले, तर म्हणावे, ‘‘तिच्यासमोर सांगा.’’ तिथे विचारायचे प्रश्न तीनच. धोका आत्ता आहे का? तासभर थांबलो तर काय होईल? दुसरा उपाय आहे का? केवळ प्रगती तासाला एक सेंटिमीटरपेक्षा सावकाश आहे, एवढ्यावरून हस्तक्षेप करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ च्या मार्गदर्शनात म्हटले आहे. उत्तरे ऐकून तिने शस्त्रक्रिया मागितली, तर तोही तिचाच निर्णय. आपण पाठीशी उभे राहायचे.

दुसरे काम सार्वजनिक. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली. माहिती घेऊन संमती देण्याचा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्याचा हक्क तीत आहे. त्या आधारे मंडळाने राज्य सरकारला निवेदन द्यावे, असा ठराव आम्ही मांडत आहोत. मागण्या दोन. प्रत्येक प्रसूतिगृहाने आपले सिझेरियनचे प्रमाण दर्शनी भागात लावावे. संमतिपत्र बाईला वाचता येईल अशा भाषेत, शक्यतो कळा सुरू होण्यापूर्वी समजावून द्यावे आणि सही तिचीच घ्यावी.

भावजयीची परवानगी घेऊनच आज हे बोललो. निदान या वेळी तरी आधी विचारले. ठरावाला आपण हात वर करावा, ही विनंती.