पडद्यावरचे तुकोबा आणि गाथ्यातले तुकोबा
(शताब्दी सोहळ्यातील मुक्कामी, हरिपाठानंतर केलेले भाषण)

 

दिंडीच्या शंभराव्या वर्षी एक सूचना पुढे आली. मुक्कामाला मोठा पडदा लावावा आणि ‘संत तुकाराम’ चित्रपट सगळ्यांना दाखवावा. तरुण मंडळी खूश झाली. जुनी मंडळी म्हणाली, “वीणा उभा असताना सिनेमा कशाला?” दोघांचंही म्हणणं भक्तीपोटीच आहे. म्हणून आम्हाला वाटलं, आधी या विषयावर चार शब्द बोलावेत.

हा चित्रपट पुण्याच्या प्रभात कंपनीने १९३६ साली काढला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. शेख महंमदांना संत मानणाऱ्या आपल्या संप्रदायाला त्यात नवल नाही. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस. पुढच्याच वर्षी परदेशात, व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. इकडे गावोगावची माणसं बैलगाड्या जुंपून तो बघायला गेली. कित्येक घरांत पागनीसांचंच चित्र तुकोबा म्हणून पुजलं गेलं. एवढा भाव ज्याने जागवला, त्याला ‘नुसता सिनेमा’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

पण भाव खरा म्हणून प्रत्येक गोष्ट पोथीतली आहे असं होत नाही. दोन-तीन ठिकाणं बघू.

महिपतीबाबांच्या चरित्रात मंबाजी आहे. तो तुकोबांचा द्वेष करायचा, पण कीर्तन चुकवायचा नाही. एकदा त्याने काटेरी फांद्यांनी तुकोबांना झोडपलं. त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही, तर तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले. मारून मारून तुमचेच हात दुखले असतील, म्हणून त्याचं अंग रगडून दिलं! चित्रपटात मंबाजीची जागा सालोमालोने घेतली आहे. सालोमालो गाथ्यात आहे, दुसऱ्याचे अभंग आपल्या नावावर खपवणारा म्हणून. चित्रपटाने त्याला खलनायक केलं. कथा रंगली खरी, पण अंग रगडायचा प्रसंग हातचा गेला. आणि क्षमा म्हणजे काय, हे पोराला सांगायचं तर तोच प्रसंग सांगावा लागतो.

दुसरं ठिकाण शिवाजीमहाराजांचं. पोथीत पांडुरंग राजांचं रूप घेऊन शत्रूला लांब नेतो. पडद्यावर जिकडेतिकडे शिवाजीराजेच दिसू लागतात. इथे आम्ही हट्ट धरणार नाही. देवाने भक्ताची लाज राखली, एवढा गाभा दोन्हीकडे एकच आहे. महिपतीबाबांनी ‘भक्तविजय’ १७६२ साली पुरा केला, म्हणजे तुकोबा गेल्यावर शंभरावर वर्षांनी. त्यांनीही ऐकलेलंच रसाळ करून सांगितलं. आपले कीर्तनकारही तेच करतात. सांगणारा बदलला की गोष्टीचा अंगरखा बदलतोच.

शब्दांचं मात्र तसं नाही. ‘आधी बीज एकले’ हे पद आपण किती ठिकाणी तुकोबांचा अभंग म्हणून ऐकतो! ते शांताराम आठवले यांनी त्या चित्रपटासाठी लिहिलं आहे. मोठमोठे जाणकार फसले इतकं ते सुरेख उतरलं. ते जरूर गावं, पण आठवल्यांचं म्हणून गावं. गाथ्यासाठी तुकोबा इंद्रायणीकाठी तेरा दिवस अन्नपाण्यावाचून बसले होते. त्या गाथ्यात आपल्या मायेपोटीसुद्धा भर घालायचा अधिकार आपल्याला नाही. सालोमालोने तुकोबांचे शब्द आपले म्हटले, आपण दुसऱ्याचे शब्द तुकोबांचे म्हणायचे, तर फरक तो काय राहिला?

आता जिजाईचं बोलू. कीर्तनात बरेचदा तिला नुसती कजाग करून लोक हसवतात. इथे चित्रपटाने आपल्याला शिकवलं आहे. गौरीबाईंनी उभी केलेली जिजाई भांडते, रागावते, पण पोरांच्या तोंडी घास कुठून घालायचा ही तिची काळजी खरी आहे. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती घरातच, संसारात राहते. ते बघून आयाबायांच्या डोळ्यांना पाणी येतं.

चित्रपट तिथे संपतो. परंपरा पुढचं सांगते. तेव्हा जिजाईच्या पोटी नारायणबाबा होते. याच नारायणबाबांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून देहूहून पंढरीची वाट धरली. म्हणजे ज्या वाटेवर आज आपण चालतो आहोत, तिच्यामागे घरी राहिलेली ती माउली आहे. गरुड बघून घरी गेलेल्या पोराला हे कोण सांगणार? आपणच सांगायचं.

म्हणून आमचं म्हणणं असं. चित्रपट जरूर दाखवा. पण हरिपाठ, जागर यांच्या वेळा सोडून दाखवा. बघून झाल्यावर मुलांना तिथेच बसवा आणि गाथा उघडा. हे पद गाथ्यात शोध, हा प्रसंग महिपतीबाबांकडे कसा आहे ते वाच, असं सांगा. पोरं आता मोबाईलवर रोज नवे संत बघतात. ते आपण थांबवू शकत नाही. पडताळून बघायची सवय मात्र लावू शकतो. ज्या घरात गाथा उघडला जातो, त्या घराला पडद्याचं भय नाही.

आणि एक ध्यानात ठेवा. ज्या रामेश्वरभटांनी वह्या बुडवायला लावल्या, त्यांनीच रचलेली तुकोबांची आरती आपण रोज म्हणतो. पडद्यावर बघितलेले रामेश्वरभट आणि आपल्या तोंडची आरती यांची गाठ पोरांच्या मनात एकदा बसली, की शंभर वर्षं चाललेली ही दिंडी पुढेही चालेल.

बोला, पुंडलिकवरदे हरि विठ्ठल, श्रीज्ञानदेव तुकाराम!