शाळेची एस्. टी. किती वाजता सुटते?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘स्त्रीशिक्षण’ या विषयावर बोलायला सांगितले होते. विषय मोठा आहे आणि त्यावर मोठी माणसे पुष्कळ बोलून गेली आहेत. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवले. तेव्हा आज मी फक्त मुलांच्या जाण्यायेण्याच्या खर्चाचा हिशेब मांडणार आहे.

सरकार काहीच देत नाही, असे आपण घरोघर म्हणतो. ते खरे नाही. खेड्यात राहून दुसऱ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एस्. टी.चा पास फुकट मिळतो. मुलग्यांना मासिक पासासाठी भाड्याच्या एक तृतीयांश पैसे भरावे लागतात. पूर्वी पासासाठी आगारात रांग लावावी लागे, आणि बापाचा एक दिवसाचा रोज बुडे. २०२४ च्या जूनपासून शाळेने यादी दिली की पास शाळेतच देण्याची व्यवस्था महामंडळाने सुरू केली. ज्या वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची, किंवा तीन किलोमीटरच्या आत आठवीपर्यंतची शाळा नाही, तेथील मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत वर्षाला ६००० रुपयांपर्यंत प्रवासभत्त्याची तरतूद आहे. पैसे बँकेत जमा होईपर्यंत रिक्षावाला थांबत नाही, ही गोष्ट निराळी!

आता खरी अडचण सांगते.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगी होती. हुशार, पण गणितात मागे पडू लागली. मी रागावले. तेव्हा कळले की शाळा सुटे पाचला, आणि तिच्या वाडीची गाडी निघे पावणेपाचला. त्यानंतरची गाडी रात्री साडेसातला. म्हणून ती रोज शेवटचा तास सोडून पळत असे, आणि तो तास नेमका माझा, गणिताचा! पास तिच्या दप्तरात होता. तो फुकटच होता. पण फाट्यापासून वाडी दोन किलोमीटर, वाटेवर दिवा नाही. तिची आई मला म्हणाली, “बाई, मार्क कमी पडले तरी चालंल, पोर उजेडात घरी यायला पाहिजे.” त्या बाईला काय उत्तर देणार? मी तास बदलून घेतला. तर दुसऱ्या विषयाच्या मास्तरांचा तास बुडू लागला. दहावीनंतर त्या मुलीचे शिक्षण थांबले. घरी कुणी ‘पुरे’ म्हटले नव्हते. गाडीच्या वेळेनेच तो निकाल दिला.

मानव विकास कार्यक्रमात घेतलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींसाठी शाळेच्या वेळा धरून वेगळ्या निळ्या गाड्या सोडल्या जातात. आपला तालुका त्यात नाही. म्हणजे आपल्या मुलींना पास आहे, पण गाडी त्यांच्या वेळेची नाही. नवी गाडी मागितली तर गाड्या कमी आहेत, असे उत्तर येईल. ते खोटेही नसेल. पण पावणेपाचची गाडी सव्वापाचला सोडायला नवी गाडी लागत नाही, डिझेलही जास्त लागत नाही.

मुलग्यांनाही पास फुकट असावा, असे माझे स्वतःचे मत आहे. बहीण फुकट जाते आणि भाऊ पैसे नाहीत म्हणून आठवड्यातून दोन दिवस घरी राहतो, असेही मी पाहिले आहे. पण तो अर्ज पुढच्या वेळी.

आजचा अर्ज मी लिहून आणला आहे. वरच्या तिन्ही वाड्यांतील मुलींची नावे, इयत्ता आणि शाळा सुटण्याची वेळ त्यात आहे, मुख्याध्यापकांचे पत्र जोडले आहे. सोमवारी आगारात तो घेऊन जायचा आहे, आणि माझ्याबरोबर निदान दहा जणी हव्यात. चहा झाल्यावर दाराजवळच्या टेबलाशी मी बसते. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी शाईची डबी आहे.